माती चाखणाऱ्या नलूताई

नलूताई टिपणीस घरी येणार असल्या की आई चांगले कप कपाटात ठेवून स्टीलचे पेले बाहेर काढायची. कंजूषपणाने नव्हे, भीतीने. हातात चिनीमातीचा कप पडला की नलूताई आधी त्याला नखाने टिचकी मारायच्या, आवाज ऐकायच्या, आणि मग बुडाला काय आहे ते बघायला तो सरळ उलटा करायच्या. एकदा त्यात चहा होता. सगळा चहा सतरंजीवर सांडला, आई तोंडदेखलं "असू दे हो" म्हणाली, आणि नलूताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बुडाला झिलईच नाही. पाणी पितोय हा कप. वर्षभरात तडकेल." तो आठ महिन्यांत तडकला. आईने त्याचा राग कपावर न काढता नलूताईंवर काढला.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. पण अजूनही हॉटेलात चहा आला की मी चोरून कपाचं बूड बघतो. वाईट खोड लावून गेली बाई.

राहायच्या नौपाड्यात, दोन खोल्यांच्या जुन्या ब्लॉकमध्ये. अंगाने काटकुळ्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. शबनममध्ये औषधाच्या रिकाम्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत कुठली तरी माती. एका जागी दहा मिनिटं बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. चहा उभ्याने, जेवण ओट्याशी, फोन येरझाऱ्या घालत. रिक्षा सिग्नलला थांबली की यांच्या पायाखाली निखारे. "उतर रे शिरीष, चालत लवकर पोचू." आम्ही उतरायचो, सिग्नल सुटायचा, आणि तीच रिक्षा आमच्या बाजूने निघून जायची. रिक्षावाला हसायचा. त्यांना त्याचं काही नसे, त्या पुढच्या चौकात पोचलेल्या असायच्या.

माझा त्यांचा संबंध आला तो एका कागदामुळे. मी डोंबिवलीत बसून लोकांची माहितीपत्रकं, लेबलं, लग्नाच्या पत्रिका करून देतो. नलूताईंना त्यांच्या भांड्यांसोबत द्यायला एक कागद हवा होता. पहिल्या दिवशी त्या सकाळी सव्वासहाला आल्या. मी झोपेतून उठून दार उघडलं तर म्हणाल्या, "झोपला होतास? बरं, आता उठलायस ना." आणि आत आल्या.

त्या भांड्यांची गोष्ट सांगायला हवी. नलूताई मानपाड्याच्या बाजूला एका टाइल्सच्या कारखान्यात बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत होत्या. टाइल पास की नापास, हे ठरवायचं काम. निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक दिवस कारखान्याच्या गेटवर एक कोळीण आली. पायाला फडकं बांधलेलं, हातात टाइलचा तुकडा. नाव चांगुणा. ओहोटीला खाडीच्या चिखलात कालवं काढताना तो तुकडा तिच्या पायात गेला होता, आणि तुकड्याच्या मागे कारखान्याचा शिक्का होता. वॉचमन तिला हाकलत होता. नलूताई जेवणाच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे फेऱ्या मारत होत्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, नखाने वाजवला, रंग बघितला आणि म्हणाल्या, "हा लॉट मी नापास केला होता."

"मंग माज्या पायान कशाला टाकलास?" चांगुणाने विचारलं.

नलूताई सांगायच्या, की नापास केलं की आपलं काम संपलं असं त्या बत्तीस वर्षं समजत होत्या. माल पुढे कुठे जातो हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर 'टाकून दे' म्हणायची सोय उरली नाही. कोणी म्हटलं की लगेच प्रश्न, "कुठे?" एकदा आईने सहज म्हटलं, "ती जुनी उशी टाकून दे रे." नलूताईंनी विचारलं, "कुठे?" आईने त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता उशीऐवजी यांनाच टाकून द्यायला सांगते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मानपाड्याला एक गाळा घेतला, विजेची छोटी भट्टी बसवली आणि चांगुणाला घेऊन कामाला लागल्या. गाळ्यात गाळ, असा विनोद मी करायचो. त्यावर फक्त मीच हसायचो. खाडीचा गाळ, त्यात खडवलीच्या कुंभाराकडची चिकणमाती, आणि फुटक्या टाइल्स दळून केलेला भुगा. वरच्या झिलईला चांगुणाच्या दारातल्या शिंपल्यांची राख, भाताच्या तुसाची राख आणि फुटक्या बाटल्यांची काच, बारीक पूड करून. नवीन काहीही विकत आणायचं नाही, हा हट्ट. त्यातला प्रत्येक पदार्थ त्यांनी आधी तपासून घेतला होता. गाळ कुठल्या वळणावरून घ्यायचा, कुठला घ्यायचा नाही, याचा नकाशाच होता त्यांच्याकडे. चांगुणाच्या ओळखीने आणखी सहा बायका आल्या.

मोठी भानगड मिठाची. खाडीचा गाळ खारट. मीठ राहिलं तर भांड्यावर पांढरे डाग फुटतात. म्हणून पिंपात गाळ पुन्हा पुन्हा धुवायचा. मीठ गेलं का हे बघायला नलूताईंकडे एक यंत्र होतं. पण यंत्रावर विश्वास टाकण्याआधी त्या बोटभर माती जिभेवर ठेवायच्या, दातांखाली फिरवायच्या, कचकच बघायच्या आणि थुंकायच्या. चांगुणाही चाखायची. मग वाद.

"गेलं मीठ."

"नाय गेला, बाय. अजून खारा हाय."

"यंत्र म्हणतंय गेलं."

"यंत्राला जीभ हाय काय?"

एकदा पैज लागली. नलूताईंनी यंत्राचं ऐकून भांडी भाजली आणि सगळी डाग पडून निघाली. यंत्राचा सेल उतरला होता. त्या दिवसापासून चांगुणाने 'गेला' म्हटल्याशिवाय माती पिंपाबाहेर येत नसे.

मी पहिल्यांदा गाळ्यावर गेलेलो तेव्हा नलूताईंनी माझ्याही पुढे बोट धरलं. "चाख. कागद लिहिणार ना तू? चाखल्याशिवाय काय लिहिणार?" मी म्हटलं, "ताई, आमच्याकडे माती खाल्ली म्हणजे वेगळाच अर्थ होतो." त्या खळखळून हसल्या. "आमच्याकडेही तोच होतो. म्हणून गिळायची नाही, थुंकायची."

नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये पहिलं प्रदर्शन भरलं. त्याच्या थोडं आधी मानपाड्याच्या भंगारवाल्याने त्यांना एक पोतंभर जाड काच दिली. बाटल्यांची काच तेव्हा मिळत नव्हती. ही दळली, झिलईत घातली, आणि भट्टी उघडल्यावर सगळ्या बायका ओरडल्याच. इतकी चमक आजवर कधी आली नव्हती. चांगुणा म्हणाली, "ताज्या मावऱ्यासारका चमकतंय." मावरं म्हणजे मासे, तिच्याकडून याहून मोठं कौतुक नाही. नलूताई कप हातात घेऊन गाळ्यात इकडून तिकडे फिरत होत्या. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी कागदावर लिहिलं होतं, 'रोजच्या जेवणात निर्धास्त वापरा.' तो वाचताना त्या थांबल्या. "निर्धास्त म्हणायचं का रे?"

मी म्हटलं, "ताई, लोक भांडं घ्यायला येतात, शंका घ्यायला नाही."

त्यांनी मान डोलावली. माझं ते वाक्य मला अजून टोचतं. त्या बाईला आयुष्यभर चैन पडली नाही, आणि ज्या एका क्षणी तिच्या अस्वस्थपणाचा उपयोग झाला असता त्या क्षणी मी तिला गप्प केलं.

प्रदर्शनातली सगळी भांडी गेली. एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी मोठं काम दिलं. पेपरात बायकांचा फोटो आला, खाली नावं, चांगुणाचं सगळ्यांत आधी. तिने तो फोटो मावऱ्याच्या टोपलीवर चिकटवला होता म्हणे. त्याच सुमारास तिच्या नातवाचं, वेदांतचं, उष्टावण झालं. नलूताईंनी स्वतःच्या हाताने केलेली छोटी वाटी आहेर म्हणून दिली. बाळाचा पहिला घास त्या वाटीतला.

उन्हाळ्यात आईने नलूताईंच्या छोट्या बरणीत लिंबाचं लोणचं भरलं होतं. लोणचं संपलं, बरणी घासली, तर आतली चमक गेलेली. लोणचं जिथवर होतं तिथवर पांढुरकं, वर लख्ख. आईला मनातून आनंदच झाला असावा. मी नलूताईंना फोनवर भलतंच काहीतरी बोलत होतो, त्यात सहज सांगून टाकलं. तासाभरात त्या दारात. त्यांनी बरणीत बोट फिरवलं. टिचकी मारली नाही.

"लोणचं कोणीकोणी खाल्लं?"

"आम्ही दोघांनीच," आई म्हणाली. "का हो?"

त्या बरणी घेऊन निघून गेल्या. पुढचे चार दिवस त्या रोज ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत, जिथे बरणी तपासायला दिली होती तिथे, जाऊन काउंटरपाशी उभ्या राहायच्या. तिथल्या मुलीने मला नंतर सांगितलं, "सर, त्या आजींना सांगा ना, उभं राहून रिपोर्ट लवकर येत नाही."

रिपोर्टमध्ये शिसं निघालं. ती जाड काच जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची होती. त्यात शिसं असतं, म्हणूनच ती लवकर वितळते आणि तशी चमकते. लिंबाने ते शिसं लोणच्यात उतरलं होतं. नलूताईंनी गाळ्यातली वही काढून माझ्यासमोर धरली. झिलईच्या पाककृतीत तिसऱ्या ओळीत एकच शब्द होता. काच.

"नुसतं 'काच' लिहिलंय मी," त्या म्हणाल्या. "कुठली काच? माझ्या हाताखालच्या कोणी असं लिहिलं असतं तर मी त्याला दिवसभर उभा केला असता. बाटलीची काच तपासली होती मी. मग पोतं आलं, आणि मी म्हटलं, काच ती काच."

दुसऱ्या दिवशी गाळ्यात सगळ्या बायका जमल्या. नलूताईंनी सांगितलं, की विकलेलं प्रत्येक भांडं परत मागवायचं, पेपरात द्यायचं, कंपनीलाही कळवायचं. चांगुणा ऐकत होती. तिचं तोंड उतरत गेलं.

"नको सांगू, बाय," ती म्हणाली. "पुरचा माल नीट कर. मागचा कोनाला कलनार हाय? त्यान कोन जेवतो? शोभेला ठेवतान लोका. आता कुठं आमचा नाव झायला. परत जाऊ काय चिखलान, पाय कापून घ्याला?"

बाकीच्या बायका माना हलवत होत्या. खरं सांगायचं तर मीही मनातून तिच्याच बाजूचा होतो. माझा कागद होता तो.

नलूताई फेऱ्या मारायच्या थांबल्या. "चांगुणे, वेदांतची वाटी कुठेय?"

चांगुणाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती उठली, चपला न घालता बाहेर पडली आणि रस्त्यावर जी पहिली रिक्षा दिसली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. नलूताई तिच्या मागे धावल्या, पण चांगुणाने त्यांना रिक्षात घेतलं नाही.

बाळाचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, थोडं शिसं गेलेलं आहे, वाटी बंद करा, खाणंपिणं असं असं द्या, तीन महिन्यांनी परत बघू. ते तीन महिने काय होते हे मी लांबून पाहिलं, आणि मलाही झोप नव्हती. नलूताई रोज सकाळी कोळीवाड्यात जायच्या. चांगुणा दार उघडायची नाही. सून खिडकीतून सांगायची, "बरा आहे, ताई. खेळतोय." तेवढं ऐकून त्या परत फिरायच्या आणि भांडी गोळा करायला निघायच्या.

पेपरात द्यायचा मजकूर मी लिहून नेला होता. 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी माझी सुरुवात. त्यांनी ती खोडली आणि उभ्याउभ्या स्वतः लिहिलं, 'या भांड्यांत शिसं आहे. त्यात खाऊ नका. चूक माझी आहे, काम करणाऱ्या बायकांची नाही. मी माती खाल्ली.' शेवटचं वाक्य छापू नये असं मी परोपरीने सांगितलं. ते छापलं गेलं. खाली त्यांचं नाव आणि घरचा पत्ता.

मी त्यांच्याबरोबर घरोघरी हिंडलो. कुणी रागावले, कुणी रडले. एका बाईने नलूताईंच्या तोंडावर दार लावलं आणि मग भांडी खिडकीतून दिली. पण सगळ्यांत त्रास दिला तो भलत्याच लोकांनी, ज्यांना भांडं सोडवेना. नौपाड्यातले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, इतका सुंदर वाडगा! आम्ही नुसता शोभेला ठेवू."

"आज शोभेला ठेवाल," नलूताई म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर सूनबाई त्यात चटणी कालवतील."

गृहस्थांनी वाडगा दिला. मागे उभ्या असलेल्या सूनबाई हसू दाबत होत्या.

पोती भरली. आता ती ठेवायची कुठे? फोडून टाकणं शक्यच नव्हतं. धोकादायक कचरा रीतसर घेणारी जागा असते, तिथे अर्ज, पत्रं, सह्या, हे सगळं सुरू झालं, आणि तोवर अकरा पोती नौपाड्याच्या त्या दोन खोल्यांत राहिली. नलूताई त्यांच्यामधून वाट काढत फेऱ्या मारायच्या. सोसायटीने नोटीस पाठवली. कंपनीचं काम गेलं. सहापैकी दोन बायका गेल्या, आणि गेल्या त्यांना नलूताईंनी अडवलं नाही. मला वाटलं होतं हे सगळं इथेच संपेल. एका अर्थी सुटल्यासारखंही वाटलं होतं, ते कबूल करतो.

तीन महिन्यांनी वेदांतचा रिपोर्ट आला. चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचं शटर वर करायला मी आणि नलूताई पोचलो तर चांगुणा दारात उभी, पदर खोचलेला. नलूताई काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"मी माती धुवाला आलेय," ती म्हणाली. "बोलाला नाय."

आणि महिनाभर ती बोलली नाही. माती चाखून 'गेला' किंवा 'नाय गेला' एवढंच. नलूताईंनी नवी वही केली. तिच्यात कुठलाच पदार्थ एका शब्दात लिहिलेला नव्हता. काच कुठली, कुणी दिली, कुठल्या बाटलीची, तिचं झाकण कसलं होतं, सगळं. प्रत्येक भट्टीतलं एक भांडं प्रयोगशाळेत जायचं. चमक पहिल्यासारखी आली नाही. मंद, जराशी दुधाळ आली. चांगुणाने बघितली आणि मावऱ्याचं नाव काढलं नाही.

नलूताईंना मी शेवटचं पाहिलं ते चांगुणाच्या ओटीवर. पहिली नवी भट्टी पास झाली होती. एकदा नव्हे, तीन वेळा, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत. त्या भट्टीत एक छोटी वाटी होती. ती नलूताईंनी केली नव्हती. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी करू दिली नसती. चांगुणाने गुपचूप केली होती आणि त्या दिवशी निरोप पाठवून आम्हांला बोलावून घेतलं होतं.

वेदांत भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. चांगुणाने वाटी बाहेर आणली तशी नलूताईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांत धरून ठेवली.

"स्टीलच्या वाटीत दे ना त्याला."

"याच्यान देनार."

"अजून एकदा तपासून घेऊ. आठवड्याचा तर प्रश्न आहे, चांगुणे. मी स्वतः घेऊन जाते."

"तीनदा तपासलास ना?"

"तीनदा."

"मंग दे."

नलूताई वाटी सोडेनात. चांगुणाने एकेक बोट उचलून ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली. रागाने नाही, लहान मुलाच्या हातातली वस्तू काढतात तशी. तिने वाटीत मऊ वरणभात कालवला, तूप घातलं, नातवाला मांडीवर घेतलं.

नलूताई उठून अंगणात गेल्या. जाळी वाळत घातली होती तिथे आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. एका हाताने बांबू घट्ट धरलेला. मी ओटीच्या पायरीवर होतो. मला दोघी दिसत होत्या.

"शिरीष," त्यांनी मागे न बघता विचारलं, "घेतला का रे त्याने?"

"घेतला, ताई."

"थुंकला नाही ना?"

"नाही. तोंड उघडून आणखी मागतोय."

त्या तशाच उभ्या राहिल्या. चांगुणाने दुसरा घास कालवला.